आधी आवाज, मग गाणं: किक, बेस आणि अर्धवट लूपांबद्दल

प्रश्न असा आलाय: "लॅपटॉपवर आठ-आठ बारचे लूप खंडीभर पडलेत, पुरं गाणं एकही होत नाही. हेडफोनवर दणदणीत वाटणारा बेस गाडीत लावला की गायब. साउंड डिझाइन शिकायला सुरुवात कुठून करू? कोणता सिंथ घेऊ? प्रीसेट वापरले तर ती चोरी का? तुम्ही स्वतः कसं काम करता?" यातल्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. सिंथ (आवाज घडवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) आणि प्रीसेट (त्यात आधीच करून दिलेले आवाज) यांचं शेवटी, थोडक्यात.

लूप, म्हणजे काही बारचा (बार म्हणजे बहुधा चार ठोके) फिरत राहणारा तुकडा, अडकतो तो कल्पना संपल्यामुळे क्वचितच. बहुतेकदा होतं असं, की किक (ड्रमचा खालचा, जाड ठोका) बसते, बेसची ओळ सुचते, आता पुढचा भाग करायचा. त्याऐवजी आपण बेसचा फिल्टर (आवाजाचा वरचा किंवा खालचा पट्टा कापणारा भाग) उघडून बसतो. तासाभरानं बेस थोडा बरा झालेला असतो, पण तोच लूप शेकडो वेळा ऐकून कान मेलेले असतात आणि पुढं काय करायचं होतं ते विसरलेलं असतं. फोडणी टाकल्यावर कांदा चिरायला घेऊ नये. आवाज घडवण्याची बैठक वेगळी आणि गाणं रचण्याची वेगळी, हा माझ्या पद्धतीचा गाभा आहे. बाकी सगळं त्यातून निघतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तीन रोलँड यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले: जुपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस मशीन. तेव्हा त्या रेकॉर्डकडं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली, कारण शिकागोत अ‍ॅसिड हाउस (यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचा एक प्रकार) म्हणून जे ओळखलं गेलं त्याच्या कितीतरी आधीचं हे काम होतं. अ‍ॅसिडचा शोध कुणी लावला या वादात मला रस नाही. मला त्यातली यंत्रं बघायची आहेत. ८०८ च्या किकला तीन नॉब: लेव्हल, टोन, डिके (मावळायचा वेळ). ३०३ ला आवाजासाठी सहा: सूर, कट-ऑफ (फिल्टर कुठून कापतो), रेझोनन्स (त्या जागेची धार), एन्व्हलपचा (आवाज वेळेत उठतो-मावळतो त्या आकाराचा) जोर, डिके, अ‍ॅक्सेंट. शिवाय सॉ की स्क्वेअर (लहरीचे दोन आकार), एवढा एक खटका. एवढ्यात आवाज ठरवायचा आणि वाजवायला लागायचं. आज एका फुकट सिंथमध्ये याच्या शंभरपट गोष्टी फिरवता येतात, म्हणून मर्यादा आपली आपणच घालून घ्यावी लागते.

मी ती अशी घालतो. आवाजाच्या बैठकीत मी गाण्याचा विचारच करत नाही. एक रिकामा प्रोजेक्ट, त्यात किक घडवतो, किंवा बेस, किंवा एखादा पॅड (मागं भरून राहणारा लांब आवाज). जे जमलं ते लगेच ऑडिओत बाउन्स करतो (ध्वनिफाइल काढून घेतो) आणि सिंथचा पॅच (नॉबांची मांडणी) बाजूला सेव्ह करून ठेवतो. फाइलच्या नावात तीन गोष्टी: काम काय, सूर कोणता, लांबी किती. "किक_काळी४_आखूड", "पॅड_काळी१_लांब_घोगरा", अशी. "न्यू बेस फायनल २" अशी नावं दिलीत तर महिन्याभरानं तुम्हालाच ओळख लागणार नाही. गाण्याच्या बैठकीला बसलो की याच फोल्डरमधून आवाज घ्यायचे. त्या वेळी तीनच गोष्टींना हात लावायची मुभा: लांबी, कट-ऑफ, व्हॉल्यूम. तेवढ्यानं आवाज बसला नाही तर दुसरा घ्यायचा, दुरुस्ती नाही. कुणाला हे हट्टी वाटेल. पण ऑडिओत बाउन्स केलेल्या आवाजाचा एक मोठा गुण असा, की त्याला कापता येतं, उलटा करता येतो, पण त्याच्या ऑसिलेटरशी (मूळ लहर काढणाऱ्या भागाशी) खेळत बसता येत नाही.

आता आवाज कसा घडवायचा. नवीन लोक सुरुवात वेव्हफॉर्म आणि फिल्टरपासून करतात. माझं मत असं, की नृत्यसंगीतात आवाजाचा स्वभाव त्याच्या वेळेतल्या आकारावर जास्त ठरतो. तो किती चटकन उठतो, किती वेळात मावळतो, मावळताना सूर खाली जातो का. एन्व्हलप आधी, बाकी नंतर. किकवर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं, म्हणून एक किक सुरुवातीपासून करून दाखवतो.

कोणताही सिंथ उघडा. एक ऑसिलेटर, साइन वेव्ह (सगळ्यात साधी, गुळगुळीत लहर), फिल्टर बंद. सूर ५१.९ हर्ट्झवर ठेवा, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत खूप खालच्या सप्तकातली काळी चार. हाच का, ते पुढं सांगतो. आता पिचला (सुराला) एन्व्हलप लावा: सुरुवात तीन सप्तकं वर, साधारण ४१५ हर्ट्झला, आणि तिथून ५१.९ वर घसरत यायचं. या घसरणीला लागणारा वेळ फिरवत ऐका. दहा मिलिसेकंद ठेवलेत तर नुसती "टक" ऐकू येते आणि मागं गुळगुळीत गुंजन. चाळीस ते साठच्या दरम्यान "धप्" येतो, छातीवर बसणारा. दीडशेच्या पुढं गेलात की "च्युंई" होतं, खेळण्यातल्या बंदुकीसारखं. म्हणजे वेव्हफॉर्म तोच, सूर तोच, आणि एका आकड्यानं तीन वेगळी वाद्यं. फिल्टरला अजून हातही लावलेला नाही.

मग आवाजाची लांबी. १२४ बीपीएमवर (मिनिटाला १२४ ठोके) दोन ठोक्यांमधलं अंतर सुमारे ४८४ मिलिसेकंद. बेस जर अध्ये-मध्ये, ऑफबीटवर येणार असेल तर तो २४२ व्या मिलिसेकंदाला येतो. म्हणून किक त्याच्या आत संपली पाहिजे. मी २२० च्या आसपास थांबतो. तेवढ्यात ५१.९ हर्ट्झची जेमतेम अकरा-साडेअकरा आवर्तनं होतात, आणि तेवढी पुरतात. साइडचेनचा (किक वाजली की बेस आपोआप खाली दाबण्याचा) गाजावाजा असतो, पण तो बऱ्याचदा किकची शेपटी वेळेत न कापल्यामुळे लागतो. साइडचेनचा तो श्वास घेतल्यासारखा परिणाम मुद्दाम हवा असेल तर जरूर वापरा. पण पसारा आवरायला तो वापरत असाल तर आधी डिके बघा.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे बरीच डोकेदुखी होते: ऑसिलेटर प्रत्येक ठोक्याला त्याच जागेवरून, शून्यावरून सुरू झाला पाहिजे. सिंथमध्ये फेज रीट्रिगर किंवा रीसेट असा पर्याय असतो, तो चालू करा. तो बंद असेल तर प्रत्येक किक वेगळ्या फेजवरून उठते. एक जोरदार, एक मऊ, एकाला सुरुवातीला खटका. मग माणूस कॉम्प्रेसर लावून ते सारखं करायला जातो, आणि ते सारखं होत नाही.

आता सुराबद्दल. गाण्याचा सा आणि किकचा सूर यांचा मेळ बसवायचा असतो. गायिकेचा सा काळी चार असेल तर ५१.९ हर्ट्झ थेट सा वर बसतो. मोठ्या स्पीकरवर पोटात जाणारा आणि तरी ऐकू येणारा हा पट्टा आहे. गायकाचा सा काळी एक असेल तर अडचण होते, कारण काळी एक खाली ३४.६ हर्ट्झला आहे आणि वर ६९.३ ला. पहिला इतका खाली की बहुतेक स्पीकर तो वाजवतच नाहीत, आणि दुसऱ्यात वजन कमी. अशा वेळी मी किक पंचमावर ठेवतो, आणि काळी एकचा पंचम म्हणजे पुन्हा काळी चार, तेच ५१.९. त्यामुळे माझ्या फोल्डरमध्ये काळी चारच्या किकचा भरणा आहे. बेसची ओळ मग ६९.३ वरून सुरू करायची, म्हणजे दोघांच्या जागा आपोआप वेगळ्या होतात.

गाडीत बेस गायब का होतो ते आता सांगता येईल. तुमचा बेस बहुधा शुद्ध साइन आहे, किंवा इतका लो-पास केलेला (वरचा भाग कापलेला) की साइनच उरलाय. चालत्या गाडीत टायरचा आणि इंजिनाचा खालच्या पट्ट्यातला गोंगाट असतो आणि तो पन्नास-साठ हर्ट्झला झाकून टाकतो. मोबाइलचा स्पीकर तर तिथपर्यंत पोहोचतच नाही. वरचे स्वरांश (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सूर) असतील तर मात्र कान उणीव भरून काढतो: १०४, १५६, २०८ हर्ट्झ ऐकू आले की मेंदू ५२ चा पाया स्वतःच धरतो. म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडून वरचे स्वरांश वाढवणं) लावा, व्हॉल्यूम वाढवू नका. किती लावायचं? बेस मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत हळूहळू वाढवत जा. ओळ गुणगुणता येईल इतकी कळायला लागली की थांबा. आणि खालचा पट्टा मोनो (दोन्ही बाजूंना एकच) ठेवा. गणपतीच्या मिरवणुकीतल्या किंवा लग्नातल्या सिस्टीमवर डावा-उजवा चॅनल बऱ्याचदा एकच केलेला असतो. युनिसननं (एकाच स्वराच्या किंचित वेगळ्या सुरांतल्या प्रतींनी) रुंद केलेला बेस तिथं स्वतःलाच खातो.

हेडफोनवर दणदणीत वाटतं कारण हेडफोनमध्ये खोलीच्या भिंती मध्ये येत नाहीत. स्पीकरवर काम करायला घेतलंत तर वेगळं संकट. आपल्याकडं बेडरूम म्हणजे दहा बाय दहा. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या थोडं वर, आणि त्या लांबीला बसणारी पहिली ध्वनिलहर येते ५६-५७ हर्ट्झच्या आसपास. चौरस खोलीत लांबी-रुंदी सारखी, म्हणजे दोन्ही दिशांनी तोच सूर घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर किक राक्षसी वाटते, बरोब्बर खोलीच्या मधोमध बसलात तर किकमधला जीवच गेलेला. दोन्ही खोटं. एकाच जागी बसून ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त) करत राहण्यापेक्षा खुर्ची पुढं-मागं सरकवा, समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण दोन-पंचमांशावर बसून बघा. कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे (खनिज लोकरीचे) पॅनल लावले तर फरक पडतो. अंड्याचे ट्रे चिकटवून या पट्ट्यात काहीही होत नाही, ते फक्त फोटोत छान दिसतात. सा काळी पाच असलेलं गाणं या खोलीत करताना जास्त जपा, कारण ५८.३ हर्ट्झ म्हणजे जवळपास खोलीचाच सूर.

सिंथची किक स्वच्छ असते, पण बऱ्याचदा निनावी वाटते. तिला ओळख द्यायला मी चामड्याचा आघात जोडतो, आणि त्यासाठी हलगी मला सगळ्यात जास्त आवडते. तापवून ताणलेल्या हलगीवर बारीक काडी पडली की पहिल्या पंधरा-वीस मिलिसेकंदांत जे घडतं ते कुठल्याही प्लगइनमध्ये तसं मिळत नाही. रेकॉर्डिंग शक्यतो गच्चीवर किंवा मोकळ्या जागी करा. छोट्या खोलीत एक मीटरवरच्या भिंतीचा पडसाद सहा मिलिसेकंदांत परत येतो आणि नेमक्या त्या आघातातच मिसळतो. लेव्हल कमी ठेवा, टोक उणे बारा डेसिबलच्या वर नको. हलगीचं टोक मीटरवर दिसतं त्याहून भयंकर असतं. मग त्यातले पहिले वीस मिलिसेकंद कापा, शेवटाला छोटा फेड द्या, ४०० हर्ट्झखालचं सगळं काढा आणि साइनच्या किकवर ठेवा. त्यानंतर नमुना एक-दोन मिलिसेकंद मागं-पुढं करत ऐका, आणि एकदा फेज उलटी (लहर वरची खाली) करून बघा. एका जागी दोन्ही मिळून एकच वाद्य होतं, तेवढं कान सांगतो.

हलगी आणि संबळ यांना पक्का सूर नसल्यासारखा असतो, म्हणून ती कुठल्याही सुराच्या किकवर चालतात. तबल्याचं तसं नाही. शाईमुळे तबल्या-मृदंगाचे वरचे स्वरांश सुरेल प्रमाणात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं होतं. त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेला तबल्याचा लूप तुमच्या सा शी जुळत नसेल तर तो बेसूर गायकाइतकाच खटकतो. वेग जुळवायच्या आधी तबल्याचा सूर जुळवा. अर्धा-एक सूर सरकवलं तर चालतं, त्याहून जास्त सरकवलं की शाईचा तो गोलावा जातो आणि प्लास्टिकचा डबा वाजतो.

तानपुऱ्यावर पॅड करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी सांगितली जात नाही. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो तारेचा पाचवा स्वरांश. काळी चारच्या तानपुऱ्यात खर्ज १०३.८ हर्ट्झ, त्याच्या पाचपट ५१९. सिंथच्या कीबोर्डवरचा तोच गंधार मात्र ५२३.२ ला आहे, कारण तो समान भागांच्या सप्तकातला. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार वेळा थरथर होते. लोक ती रिव्हर्बनं (कृत्रिम घुमाऱ्यानं) झाकायला जातात. उपाय सोपा आहे: पॅडमधला शुद्ध गंधार १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) खाली उतरवा, किंवा पॅडमध्ये गंधार ठेवूच नका, सा आणि प पुरेत. मी दुसराच मार्ग घेतो, कारण तानपुरा गंधार देतोच आहे. जवारीची (तार घोडीला घासून येणारी) ती उलगडत जाणारी झळक सिंथनं हवी असेल तर सॉ वेव्हवर अरुंद बँड-पास (मधला पट्टा तेवढा सोडणारा) फिल्टर लावा, आणि प्रत्येक छेडीबरोबर तो वरून खाली दीड-दोन सेकंदांत हळू सरकू द्या. चार छेडींचा वेग गाण्याच्या तालाशी मात्र बांधू नका. बांधलात की ते घड्याळ वाटतं.

३०३ धाटणीच्या ओळीबद्दल एवढंच, की तिथं आवाजापेक्षा स्लाइड आणि अ‍ॅक्सेंट कुठं टाकता याला महत्त्व आहे (स्लाइड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं, दुसरं म्हणजे एखाद्या स्वरावर जोर). सोळा पायऱ्यांत दोन-तीन स्लाइड पुरतात. आपल्या मींड ऐकलेल्या कानाला जास्त टाकायचा मोह होतो, पण प्रत्येक स्वर घसरायला लागला की ओळीचा ठेकाच जातो. अ‍ॅक्सेंट किकच्या जागा सोडून टाका.

आता लूपचं गाणं कसं करायचं. आठ बारचा लूप जमला की मी तो टाइमलाइनवर पाच-सहा मिनिटं सरळ पसरवतो, सगळे ट्रॅक भरलेले. मग खोडत जातो. सुरुवातीच्या बत्तीस बारमधून बेस काढ, मध्ये किक आठ बार गप्प कर, पॅड शेवटच्या तिसऱ्या भागासाठी राखून ठेव. रिकाम्या पानावर भर घालण्यापेक्षा भरलेल्यातून काढणं फार लवकर होतं. या बैठकीत मी स्क्रीनवर लूपचं बटण वापरतच नाही, प्रत्येक वेळी निदान दोन मिनिटं सलग ऐकतो. लांबी किती, हे गाणं कुठं वाजणार त्यावर ठरवा. गोव्यात नव्वदच्या दशकात ट्रान्स वाजायचं ते बरंचसं डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवरून, कारण उन्हात व्हिनाइल वाकायची. बहुतेक डॅट यंत्रांवर वेग जुळवता येत नसे, म्हणून गाण्यांना ठेक्याशिवायची लांबलचक सुरुवात आणि शेवट सोयीचे पडत. आज तुमचं गाणं मोबाइलवर ऐकलं जाणार असेल तर दीड मिनिटाची प्रस्तावना कुणी थांबून ऐकणार नाही. डीजेसाठी करत असाल तर मात्र सुरुवातीला नुसत्या ठेक्याचे सोळा किंवा बत्तीस बार ठेवा.

जुन्या लूपांचं काय? त्यांचे प्रोजेक्ट उघडून दुरुस्त करू नका. प्रत्येकातला चांगला आवाज तेवढा ऑडिओत बाउन्स करून नाव देऊन फोल्डरमध्ये टाका आणि प्रोजेक्ट बंद करा. पुढची पाच-सहा गाणी या फोल्डरमधूनच निघतील, कारण आवाज घडवण्याचं काम तुम्ही आधीच करून बसलाय.

प्रीसेट खुशाल वापरा. चोरी वगैरे काही नाही, ते वापरायलाच दिलेले असतात. फक्त प्रीसेट घेतलात की त्याचा रिव्हर्ब आणि डिले (पडसाद) आधी बंद करा, आणि मग अ‍ॅम्प्लिट्यूडचा एन्व्हलप तुमच्या बीपीएमला बसवा. प्रीसेट दुकानात छान वाटावा म्हणून केलेला असतो, त्यामुळे तो एकटाच सगळी जागा व्यापतो. रिव्हर्ब काढून उरलेला कोरडा आवाज आवडला नाही तर तो प्रीसेट तुमच्या कामाचा नव्हता.

सिंथसाठी आत्ता पैसे घालू नका. सर्ज एक्सटी पूर्ण फुकट आहे आणि व्हायटलची फुकट आवृत्तीही भरपूर आहे. दोन्हींपैकी एकच घ्या आणि वर सांगितलेली किक, एक बेस आणि एक पॅड त्यातच करा. खर्च करायचाच असेल तर आधी कोपऱ्यातल्या रॉकवूलवर करा, मग स्पीकरवर. आणि गाणं अपलोड करताना लाउडनेससाठी लिमिटर (टोकं दाबणारं साधन) पिळू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (लाउडनेसचं माप) सगळी गाणी आणून ठेवतं, तिथं जास्त जोरात केलेलं गाणं नुसतं खाली ओढलं जातं आणि किकचा तो चाळीस मिलिसेकंदांचा धप् तेवढा चेपलेला राहतो.